काणीचे सात ठिपके

भुजंग खंदारे परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. परिचर म्हणजे नेमकं काय, हे त्याची बायको सुलाबाई हिला लग्नाला सात वर्षं होऊनही सांगता यायचं नाही. वस्तीतल्या बायांनी विचारलं की ती म्हणायची, "काचा पुसतेत अन् तारा गुंडाळतेत." यात खोटं काही नव्हतं. पण माणूस कसा होता ते कळायला एक किस्सा पुरे. परीक्षेत एका पोरानं थर्मामीटर फोडलं अन् पारा फरशीवर सैरावैरा पळाला. बाकीचे पाय वर घेऊन बसले. भुजंगानं जुनं पोस्टकार्ड घेतलं, गुडघ्यावर बसून एकेक मणी टिपला, बाटलीत घातला, तराजूवर ठेवला. अख्ख्या थर्मामीटरात पारा किती असतो हे त्यानं कधीचं विचारून ठेवलेलं. मोहरीएवढा कमी भरला. सगळे घरी गेले, हा भेगा धुंडाळत राहिला, अन् दिवेलागणीला टेबलाच्या पायाशी तो मणी सापडला तेव्हा याला जेवण आठवलं.

असल्या माणसावर दत्तराव सरांचा जीव जडला यात नवल नाही. दत्तराव फिजिक्सचे प्रोफेसर. उंच, किडकिडे, खिशाला कायम शाईचा डाग. फळ्यावर नुसत्या हातानं गोल काढायचे तो असा की परकार लाजावा. पोरं शिकवण्यापेक्षा त्या गोलाकडं बघत बसायची. घरी बायको कुसुमबाई, मूलबाळ नाही, अन् अंगणात एक जुना आड.

सन त्र्याहत्तरचा मार्च होता तो. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. येलदरीच्या धरणात पाणी तळाला गेलेलं, दुपारची वीज बंद. सरकारनं रस्त्यांची कामं काढलेली, अन् ज्याच्या अंगात बळ होतं तो खडी फोडत होता. अशा दिवसांत दत्तरावांच्या डोक्यात एक प्रयोग शिरला. तो जरा निवांत समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

एका दुपारी सरांनी भुजंगाला समोर बसवलं.

"भुजंगा, मिठाचा खडा बघितलास ना? त्यात एक कण अधिक, एक उणा. एकमेकांना धरून बसलेत म्हणून खडा. आता समज, सगळेच अधिक. कुणी कुणाला धरायला तयार नाही. मग?"

"मंग पांगतेल."

"पांगू द्यायचं नाही. तांब्याचं एक कडं घ्यायचं, वर एक टोपी, खाली एक टोपी. त्यात जोरकस वीज सोडायची, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. कण बाहेर निघाला की विजेची दिशा बदललेली. बाई चाळण गोल हलवते तेव्हा कोंडा मधोमध येतो की नाही? तसा कण मध्ये येतो अन् अधांतरी राहतो. पण अंगात उष्णता आहे तोवर तव्यावरच्या लाह्यांसारखा नाचतो. आता थंडी वाढवत न्यायची. बर्फाची नव्हे. बर्फाच्याही खाली पावणेतीनशे अंशांच्या जवळपास, जिथं हवासुद्धा दगड होते. तिथं नाचायचं बळ संपतं. उरतो फक्त एकमेकांचा धक्का. मग काय करतील ते?"

भुजंगानं बराच वेळ विचार केला.

"नळाला घागरी लावल्यावानी उभे राहतेल, सर. कुणालाच कुणाच्या शेजारी नको असतंय, पण गल्ली सोडून बी जाता येत न्हाई. मंग ज्याच्या त्याच्या जागी, सारखं अंतर धरून."

दत्तरावांच्या हातातला खडू तसाच राहिला. "चाळीस वर्षांमागं एका मोठ्या शास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉनांबद्दल हेच गणितानं मांडलं. अजून कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही ते." खरंच नव्हतं दिसलं. ते दिसायला अजून सहा वर्षं होती, अन् तेही दूर परदेशात, थंडीनं द्रव झालेल्या हेलियमच्या पृष्ठभागावर.

परभणीत एवढी थंडी कुठून आणणार? मार्चातच पंख्याचं वारं भाजत होतं. पण सरांनी वाट काढली होती. कण धुळीएवढा मोठा घेतला, तर त्याचा नाच हवाच काढून घेते. खेळ तोच, थंडी तेवढी उसनी. एका डॉक्टरच्या बंद पडलेल्या एक्स-रे मशीनचा ट्रान्सफॉर्मर लोखंडी पेटीसकट मिळाला. तांब्याचं कडं भुजंगानं तांबट आळीत बसून ठोकून घेतलं. अडलं भुकटीवर. खडूची जड पडायची, पिठाचे गोळे व्हायचे. तेव्हा भुजंग सायकल मारत पोखर्णीला मामाच्या रानात गेला. मामाची ज्वारी कमरेएवढी वाढून थांबलेली. दाणा भरलाच नव्हता, काणी मात्र भरली होती. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी धरते, तीच काणी. मामा म्हणाला, "ने बाबा. यंदाचं पीक म्हणून हेच हाय." भुजंगानं ती कागदाच्या पुडीत झटकून आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दिसलं. खोलीला काळे पडदे, बाजूनं टॉर्चचा उजेड, भिंग लावलेलं. काळी भुकटी उजेडात चांदीसारखी चमकायला लागली. आधी नुसता गोंधळ, मग हळूहळू एकेक कण थांबला. सहा जण गोल अन् सातवा मधोमध. प्रत्येकात सारखं अंतर. कुणी ओळ आखलेली नव्हती.

"मधला तेवढा सगळ्यांचा धक्का खायलाय," भुजंग हळूच म्हणाला.

"म्हणूनच हलत नाही," सर म्हणाले. अन् मग, भिंगावरून डोळा न काढता, "पंधरवड्यात विद्यापीठाची कमिटी येतेय. प्रयोगशाळा सहायकाची जागा मंजूर व्हायची आहे. प्रयोग तुझ्या हातानं दाखवायचा. मी तुझंच नाव लिहिणार."

सहायक म्हणजे कायमची नोकरी. घंटेला धावायचं नाही, साहेबांचे पेले विसळायचे नाहीत. सात वर्षं भुजंग टेंपररी होता, दर मे महिन्यात कामावरून कमी व्हायचा अन् जूनमध्ये पुन्हा लागायचा. त्या दिवशी घरी येऊन त्यानं सुलाबाईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग बसायला खुर्ची असंल?"

"स्टूल."

"पाठ टेकायचं असंल तर खुर्ची मागा की."

आता एका खड्ड्याविषयी. एवढी जोरकस वीज म्हटली की पेटीतून निघालेली एक जाड तार जमिनीत सोडावी लागते. प्रयोगशाळेमागं पुरुषभर खोल खड्डा होता, त्यात मीठ-कोळसा भरलेला अन् मधोमध पत्रा. पेटीच्या अंगात वीज उतरली तर ती या तारेनं मुकाट जमिनीत जाते, माणसाला शिवत नाही. पण खड्डा ओला असला तरच. कोरडी माती वीज घेत नाही. म्हणून रोज दोन घागरी पाणी. दुष्काळात ते मिळवायला दत्तराव प्राचार्यांशी भांडले होते. कॉलेजच्या विहिरीत खडकातून झिरपणारं पाणी, त्यातल्या दोन घागरी भुजंगानं शेंदायच्या अन् खड्ड्यात ओतायच्या. विहिरीशी रांगेत उभ्या बाया बघत राहायच्या. एक म्हातारी एकदा बोललीच, "लेकरा, मातीला पाजतोस व्हय रे?"

कमिटीच्या आधी बारा-तेरा दिवस शेजारची मालनबाई बाळंत झाली. नवरा दूर रस्त्याच्या कामावर. वस्तीतला नळ चार दिवसांतून एकदा, तोही करंगळीएवढा. बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं असतं, बाळाला धुवायचं असतं. तिसऱ्या दिवशी मालनबाईला ताप भरला. सुलाबाई रात्रभर तिच्यापाशी बसून आली अन् सकाळी दारातच म्हणाली,

"अवो, तुमी त्या खड्ड्यात रोज दोन घागरी ओतता?"

"वीजंसाठी असतंय ते."

"वीजंला ताप आलाय का? तिच्या अंगाखालचं धुवायला पाणी न्हाई. वास मारायलाय. आठ दिवस खड्डा उपाशी राह्यला तर मरंल का?"

मीठ-कोळसा इतक्यात वाळत नाही, आत ओल धरून असेल, असा त्याचा अंदाज. विहिरीवर त्याला हटकणारं कुणी नव्हतं, घागरी त्याच्या नावावरच्याच होत्या. त्या दिवशी त्यानं त्या सायकलला बांधल्या, वर पोतं टाकलं अन् रेल्वेचे रूळ ओलांडून घरी नेल्या. दुसऱ्या दिवशीही. पहिले चार दिवस रोज मनाशी म्हणायचा की उद्या ओततो. मग म्हणणंही थांबलं. मालनबाईचा ताप सातव्या दिवशी उतरला. सुलाबाईनं बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. माकडाच्या पिलाएवढं होतं, पण मूठ घट्ट.

कमिटी आली ती सकाळी अकराला. तिघं साहेब, सोबत प्राचार्य. दुपारी वीज जाणार म्हणून घाई. भुजंगानं धुतलेला सदरा घातला होता. त्यानं भुकटी सोडली, उजेड धरला, भिंग फिरवून दिलं. थोरल्या साहेबांनी डोळा लावला अन् बराच वेळ काढलाच नाही.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"यानं," दत्तराव म्हणाले.

तेवढ्यात विजेचा दाब खाली-वर झाला. ठिपके डुगडुगले, मधला कण कलला. "धर, धर, जाऊ देऊ नको," म्हणत दत्तराव स्वतःच पुढं झाले. डावा हात लोखंडी टेबलावर होता. उजवा त्यांनी पेटीवर टेकला, बटण फिरवायला.

आवाज झाला नाही. दत्तराव ताठ झाले, जबडा आवळला, हात पेटीला चिकटला. साहेब लोक मागं सरले. भुजंगानं भिंतीवरचा खटका ओढला. किती वेळ गेला असेल? एकदा श्वास घेऊन सोडण्याएवढा. सर खाली कोसळले, अन् काळ्या पडद्यांच्या त्या खोलीत भाजल्याचा वास भरला.

जीव वाचला. हात वाचला नाही. तळवा आतपर्यंत भाजलेला, त्यात उन्हाळा. चौथ्या दिवशी पू धरला, मग विष वर चढायला लागलं. नांदेडला नेऊन मनगटाच्या चार बोटं वरून हात कापावा लागला.

त्याआधी, परभणीतच खाटेवर असताना, सरांनी भुजंगाला खुणेनं जवळ बोलावलं होतं. ओठ फुटलेले.

"खड्ड्यात पाणी होतं?"

कुसुमबाई उशाशी उभ्या होत्या.

"होतं, सर," भुजंग म्हणाला.

दत्तरावांनी डोळे मिटले. "मग मीच कुठंतरी चुकलो."

कमिटीनं कागदावर चांगलं लिहिलं. परिचरानं प्रसंगावधान राखून प्राध्यापकांचा जीव वाचवला, सहायकाच्या जागेसाठी त्याचाच विचार व्हावा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला. भुजंगाला स्टूल मिळालं. वस्तीत लोकांनी गुळाचा खडा वाटला. सुलाबाईनं मात्र तो हातात धरून ठेवला, तोंडात टाकला नाही. खड्ड्याचं तिला ठाऊक होतं. दोघं त्यावर एक अक्षर बोलत नव्हती. फक्त भुजंग आता पहाटेच उठून कॉलेजात जायचा अन् खड्ड्यात दोनाच्या चार घागरी ओतायचा. तिथं आता कुठलीही पेटी चालू नव्हती.

महिनाअखेरीला दत्तरावांचं बोलावणं आलं. भुजंग गेला तर सर ओसरीवर बसलेले. उजवी बाही दुमडून टाचणीनं टोचलेली. समोर कागदच कागद, सगळ्यांवर त्याच प्रयोगाची जोडणी, डाव्या हातानं काढलेली. रेषा किड्यांसारख्या वळवळत गेलेल्या.

"महिना झाला," सर म्हणाले, "तार न् तार पुन्हा काढून बघितली. चूक सापडत नाही. अन् सापडत नाही म्हणजे मला कळतच नाही. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्यानं पोरांना विजेजवळ नेऊ नये. बस. राजीनामा लिहायचाय. माझ्यानं लिहवत नाही."

कुसुमबाईंनी चहा आणून ठेवला. भुजंगाचा पेला वेगळा होता. हे त्याला ठाऊक होतं, कुसुमबाईंनाही. सरांना बहुधा ठाऊक नव्हतं.

भुजंगानं दौत-टाक घेतला. सर सांगत गेले, तो लिहीत गेला. अक्षर त्याचं शाळेपासूनच वळणदार. "...दिनांक एकवीस मार्च रोजी माझ्या जोडणीतील चुकीमुळे झालेल्या अपघातास..."

टाक थांबला.

"लिहिलंस?"

"न्हाई, सर."

"शाई संपली का?"

"जोडणी बरोबर होती, सर." भुजंग कागदाकडं बघतच बोलला. "खड्डा कोरडा होता. मी पाणी घातलं न्हाई."

सरांनी समोरचे कागद डाव्या हातानं गोळा केले.

"किती दिवस?"

"अकरा."

"कुठं गेलं पाणी?"

भुजंगानं सांगितलं. मालनबाईचं, तापाचं, सायकलवरच्या पोत्याचं. एकही गोष्ट गाळली नाही अन् एकही वाढवली नाही.

"मूल जगलं?" कुसुमबाईंनी दारातून विचारलं.

"जगलं, बाई."

दत्तरावांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "अरे, मला सांगायचं होतंस. आमच्या आडाला पाणी होतं. हा इथं, वीस पावलांवर. दोनाच्या चार घागरी नेल्या असत्यास."

"तुमच्या आडाचं, सर?" भुजंग म्हणाला.

त्यानं टोमणा मारला नव्हता. खरोखर त्याच्या मनात ते कधी आलंच नव्हतं. सात वर्षं या घरी येत होता, पण त्या आडाजवळ तो कधी गेला नव्हता अन् कुणी त्याला ये म्हटलं नव्हतं. विहिरीचं पाणी चोरणं त्याला सुचलं. आडाचं पाणी मागणं सुचलं नाही. दत्तरावांनी बायकोकडं बघितलं. कुसुमबाईंनी मान खाली घातली. मग सरांची नजर त्या वेगळ्या पेल्यावर गेली, अन् तिथंच राहिली. राग उतरला असं नाही. तो कुणावर काढावा हे त्यांना कळेना.

"म्हणजे जोडणी बरोबर होती," शेवटी ते म्हणाले.

"होय, सर."

"महिनाभर मी रात्री झोपलो नाही, भुजंगा. अन् तू रोज त्या स्टुलावर बसत होतास."

सरांनी अर्धा लिहिलेला राजीनामा बाजूला सारला.

"दुसरा कागद घे."

त्यांनी सांगितलं अन् भुजंगानं लिहिलं. अपघात जोडणीनं झाला नाही. खड्ड्यातलं पाणी परिचर भुजंग खंदारे यानं अकरा दिवस एका आजारी बाळंतिणीस दिलं. ही गोष्ट त्यानं विचारल्यावर लपवली. यंत्र चालू करण्याआधी खड्डा तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. सदर इसमास कामावरून काढू नये अशी विनंती. शेवटचं वाक्य लिहिताना भुजंगाचा टाक अडला, तर सर म्हणाले, "लिही. ते उपकार म्हणून नाही. खरं आहे म्हणून." सही करायला त्यांनी डाव्या हातात टाक धरला, दोनदा वेडीवाकडी रेघ ओढली अन् खाली ठेवला. मग शाई लावून अंगठा उठवला. पोरं ज्यांच्या गोलाकडं बघत बसायची, त्यांचा.

"तूच नेऊन दे," ते म्हणाले. "अन् यापुढं मला भेटायला येऊ नकोस. निदान इतक्यात नको."

प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. दार लावायला सांगितलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"वेडा आहेस का? हे फाइलीत गेलं की चौकशी बसेल. तू जाशील, कॉलेजचं नाव जाईल. दत्तराव दुखण्यानं भ्रमिष्ट झालेत म्हणू. मी हे फाडतो, तू जा आपल्या कामाला."

भुजंगाच्या डोळ्यांसमोर सुलाबाई होती, भाड्याची खोली होती, पाठ टेकायची राहिलेली ती खुर्ची होती. फाडा म्हणायलाही लागणार नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

"सरांचा अंगठा हाय त्याच्यावर," तो म्हणाला. "आवकचा शिक्का मारा साहेब. मी थांबतो."

शिक्का बसेपर्यंत तो हलला नाही. सरांची विनंती कुणी मानली नाही. पुढच्या सोमवारी त्याला कमी केल्याचा कागद आला, अन् बुधवारी तो अन् सुलाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर, हातावरचे फोड बघत, तिनं विचारलं,

"सर शेवटाला काय म्हणले?"

"येऊ नको म्हणले."

"अन् राजीनामा?"

"दिला न्हाई. जूनपासून शिकवणार हायेत."

सुलाबाईनं मान हलवली अन् पुढचा दगड जवळ ओढला.